रिकाम्या ओळीतलं नाव

व्हर्नन क्लूव्हरने रेडिओवरच्या बक टॅनरच्या कार्यक्रमाला फोन लावला तो निव्वळ भुकेपोटी. सलग तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला थंड सँडविच! बायको डोरीन गावच्या वाचनालयाला टाळं लागू नये म्हणून दारोदार मतं मागत फिरत होती.

"बकभाऊ, मी रोज ट्रॅक्टरवर तुम्हालाच ऐकतो," व्हर्नन कळवळून म्हणाला. "बायको वाचनालयाच्या मंडळाच्या निवडणुकीला उभी राहिलीय. अर्ज भरायची तारीख चुकली, छापील यादीत नाव नाही. म्हणून 'मतपत्रिकेच्या तळाशी रिकाम्या ओळीत माझं नाव लिहा' असं सांगत हिंडतेय. अन् इथं मी उपाशी!"

बक टॅनरला तेवढंच पुरलं. "ऐकलंत, भावांनो? ही डाव्यांची चाल आहे! आज पुस्तकं, उद्या तुमचे ट्रॅक्टर!"

"अहो, पण ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवते..." तोवर फोन कापला गेला होता.

डोरीनने हे सगळं एका मतदार बाईच्या स्वयंपाकघरात रेडिओवर ऐकलं. ती तरातरा घरी आली.

"झालं समाधान? वाचनालयाला कुलूप लागलं ना, तर किल्ली तुझ्याच गळ्यात बांधीन!"

त्या रात्री थंड सँडविचही मिळालं नाही.

बकला मात्र हाडूक सापडलं होतं. डुकरांच्या खाद्याच्या दोन जाहिरातींच्या मधल्या वेळात तो रोज बोंबलायचा, "डोरीन क्लूव्हर! हे नाव रिकाम्या ओळीत चुकूनही लिहू नका!" व्हर्ननने पुन्हा फोन करून सांगितलं, "ती आपल्याच पक्षाची आहे हो!" तर बक म्हणाला, "बघा, नवराही फितवला!" बियाण्यांच्या दुकानात मित्र त्याला 'कॉम्रेड' म्हणू लागले. व्हर्ननला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या एका जेवणापायी बायकोची सगळी धडपड मातीत गेली, हे त्याला खात होतं.

मतदानाच्या दिवशी तो मान खाली घालून केंद्राबाहेर उभा होता. आतून टोपीवाला एक अनोळखी शेतकरी आला.

"वाचनालयासाठी मत कुणाला दिलं?" व्हर्ननने भीतभीत विचारलं.

"तिथं पक्ष छापत नाहीत ना, नुसती नावं. छापलेली दोन्ही कधी ऐकलेली नाहीत. डोक्यात एकच घुमत होतं, डोरीन क्लूव्हर. टाकलं लिहून."

"अहो, पण बक तर म्हणत होता, लिहू नका!"

"असेल. तेवढ्यात जाहिरात लागली असेल बघा."

डोरीन दणदणीत निवडून आली. छापील दोघांची मतं मिळून तिच्या निम्मीही भरली नाहीत. चर्चची घंटा वाजली, ऑर्गन वाजला, आणि क्लूव्हरांच्या टेबलावर अख्खी भाजलेली कोंबडी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बक गरजला, "डोरीनचं नाव घराघरांत कुणी पोचवलं? या बकनं!"

"बघ!" व्हर्नन खूश झाला. "मी म्हणत नव्हतो, बकभाऊ चुकत नाहीत?"

डोरीनने फोन उचलला. "आधी तो रेडिओ बारीक कर," ती नवऱ्याला म्हणाली आणि मग गोड आवाजात बोलू लागली, "बकभाऊ, डोरीन बोलतेय. पुढच्या खेपेला महापौरपदाला उभी राहतेय. शिव्या सोमवारपासून सुरू कराल का?"