गाण्याचा धागा पाहणारे लिंबाजी मामा

गेल्या फेब्रुवारीतला दुसरा रविवार, संध्याकाळचे साडेपाच. जागा आदिलाबादेतल्या माझ्या घराची ओसरी. रक्कम पाचशे एक रुपये. हजर: मी, माझी कॉलेजात जाणारी मुलगी मेघा, समोरचा मोटार-वाइंडिंगवाला सुधाकर आणि गल्लीतच खोली घेऊन राहणारे लिंबाजी मामा. पैज मामांनी लावली होती, कागद मी लिहिला होता, आणि त्या दिवशी जे झालं त्याची लाज माझ्या एकट्याच्या नावावर आहे.

लिंबाजी मामा गाणं हातानं ऐकतात. सुधाकरने आपला स्पीकर ओसरीवर आणून ठेवला की मामा त्यावर तीन बोटं ठेवणार, डोळे मिटणार आणि दुसऱ्या हाताचा अंगठा बोटावर घासणार, जसा कापूस चिमटीत धरून धागा ओढून पाहतात तसा. मग निकाल. "ओल हाये." नाहीतर "धागा आखूड." आणि सगळ्यात वाईट म्हणजे "फरदड."

भैंशाच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, त्यांनी एकतीस वर्षं ग्रेडर म्हणून कापसाची प्रत पाहिली. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू त्यांच्यापुढे माल म्हणूनच येते. हंगाम संपल्यावर जुन्याच झाडाला पाणी देऊन जो शेवटचा किडका कापूस काढतात, ती फरदड. जुन्या गाण्याला नवा ठेका लावून पुन्हा विकायला काढलं, की मामा तोंड कडू करून म्हणायचे, "झाड तेच, बोंड सडकं."

गाणी का बिघडली याचं त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "लबाड मानूस वजन वाढवासाठी कापसावर पानी मारते. हे ढोल म्हंजे ते पानी हाये. वाळवलं तं आत काय उरते?"

मेघा नव्या गाण्यांची वकील. ती मामांच्या अगदी समोर बसून सावकाश, एकेक शब्द सोडवून वाद घालायची. तुमच्या काळातही रद्दी गाणी होतीच, लोक ती विसरले आणि चांगली तेवढी उरली, असं तिने एकदा सुनावलं. मामा म्हणाले, "पोरगी ग्रेडर हाये. कचरा पयलेच उडून गेला म्हंते."

सुधाकरशी मात्र ते वाद घालत नसत. त्याच्या मिशा खालच्या ओठावर उतरलेल्या. "मिशीवाल्याचं मी ऐकत नाही," असं त्याच्या तोंडावर सांगायचे, आणि सुधाकरला ते फार आवडायचं. मागून कोणी बोललं तर तेही चालत नसे. "मांगून बोलनारा दलाल असते. सामने ये." आम्हाला या सगळ्या लहरी वाटायच्या. मी हिशोब तपासणारा, मामा मला हिशोबवालेच म्हणतात, मला तर बारकाईने पाहण्याची सवय आहे. तरी वाटायच्या.

तर पैज अशी. मेघाने फोनवर दहा गाणी लावायची. मामांनी फक्त नवं की जुनं एवढं सांगायचं. आठ बरोबर आली तर मी पाचशे एक द्यायचे, नाहीतर मामांनी.

पहिली चार बरोबर आली. सुधाकर टाळ्या पिटू लागला. तेवढ्यात मला हिशोब दिसला. नवीन गाण्यांना स्पीकर थरथरतो, जुन्यांना इतका नाही. मी पुढे वाकून म्हणालो, "मामा, हात काढा. कानानं ओळखायचं."

मामांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मेघा म्हणाली, "बाबा, राहू द्या ना." मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. मामांनी हात उचलून मांडीवर ठेवला.

पाचवं चुकलं. सहावं गाणं लागलं ते मामा स्वतः रोज सकाळी नळावर गुणगुणतात ते. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मेघाकडे पाहिलं आणि म्हणाले, "फरदड."

सुधाकर खांबाला धरून हसला. मीही हसलो, हे लिहायला हवं. मेघाने गाणं बंद केलं.

गाणं बंद झालं होतं आणि मामा मान कलती करून अजून ऐकत होते.

आमच्या तोंडांकडे पाहून त्यांना काय ते कळलं. बंडीच्या खिशातून त्यांनी पाचशेची नोट आणि एक रुपया काढून माझ्या हातावर ठेवला. मी ते घेतले. नोट उजेडात धरून पाहिली, सवयीने. सुधाकर म्हणत होता, मामाची ग्रेडरकी गेली. मामा चप्पल घालून निघाले.

त्या दिवशी जेवताना मेघा मला एवढंच म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

सकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो आणि मेघासारखाच समोर बसलो. मामा हळू आवाजात बोलले, "जिनिंगच्या मशिनीनं खाल्ले कान. पयले बायकाचे आवाज गेले. बायको शेवटी काय बोलून राह्यली होती ते बी मी तोंड पाहूनच समजलो." मग म्हणाले, "गानी बिघडली म्हनलं का चार लोकं येऊन बसतात, भांडतात. कान गेले म्हनलं का उठून जातात. सांगू नका, हिशोबवाले."

मी खिशातून पैजेचा कागद काढला आणि बोट ठेवून दाखवलं. हाताची अट त्यात कुठेही नव्हती, ती मी ऐनवेळी घातली. शिवाय सहात दोनच चुकली होती, चार बाकी होती, म्हणजे आठ अजून होऊ शकत होती. डाव मोडला तो मी. पैज मी हरलो.

मामांनी कागद दोनदा वाचला. "अट नव्हती खरी," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी तोच कागद मी ओसरीवर सगळ्यांसमोर वाचला. हिशोबवाले चुकले म्हणून सुधाकर दोनदा उठून नाचला. मामांनी स्पीकरवर तीन बोटं ठेवली आणि म्हणाले, "ओल हाये."

हे मी त्यांना विचारूनच लिहितो आहे. त्यांची अट एकच, मराठीत लिहा. सुधाकर तेलुगू शाळेत शिकला, त्याला मराठी वाचता येत नाही. त्याला मी फक्त म्हणालो, उन्हाळा येतोय, मिशा काढ. "काऊन?" विचारत त्याने आठ दिवस डोकं खाल्लं. शेवटी, खर्च माझा, म्हटल्यावर बसला खुर्चीत.

एकूण दिले: लिंबाजी मामांना त्यांचे पाचशे एक आणि माझे पाचशे एक, मिळून एक हजार दोन. न्हाव्याला पन्नास.