सलीमभाऊंचं अस्तर

सलीमभाऊ कोणाला ‘जेवलात का’ असं विचारत नाहीत. ‘अंगाले लागलं का?’ असं विचारतात. एकदा ब्लाउज न्यायला आलेल्या नव्या नवरीला त्यांनी हेच विचारलं, तर ती बिचारी पुन्हा माप द्यायला उभी राहिली.

भद्रावतीत आमच्या घराला लागून त्यांचं शिलाईचं दुकान. चार वर्षांपूर्वी त्यांच्या आतड्याला पीळ पडला. नागपूरच्या डॉक्टरांनी सडलेला भाग कापला आणि पोटात आतडं उरलं थोडंसंच. खाल्लेलं अंगी लागेना. शिरेत नळी घालून पोषण द्यावं लागे. जेवलं की संडासाकडे धावत सुटायचं, म्हणून लग्नाकार्याला जाणं बंद.

मग डॉक्टरांनी रोज टोचून घ्यायचं एक पेप्टाइडचं औषध सुरू केलं. ते उरलेल्या आतड्याचं अस्तर वाढवतं, म्हणजे अन्न जास्त शोषलं जातं. ‘अस्तर’ म्हटल्यावर भाऊंना पुढचं सांगावंच लागलं नाही.

“लांबी तेवढीच हाय बाई, पण अंदरून चुन्नट पडून राह्यली. चुन्नटीत कपडा जास्त मावते का नाई?” हे पटवून द्यायला ते हातातल्या परकराची चुण्यांची झालर उसवून दाखवत. परकर मग उशिरा मिळे.

रोज सकाळी ते समोरच्या दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर उभे राहत. वजन वाढलं की दुकानदाराला दरडावत, “काटा बराबर हाय ना?” घटलं तर मात्र काट्यावर पूर्ण विश्वास.

गेल्या महिन्यात शिरेतली नळी निघाली. त्याच दुपारी भाऊ माझ्या दारात आले.

“बाई, वांग्याचं भरीत करान का? मिरची जास्त टाकून.”

“तुम्हाला चालेल?”

“मले नाई. नसीमले. मी फिक्का भात खाऊन राह्यलो, तर चार वर्षं तिनंबी तिखट खाल्लं नाई. म्हणते, मले आवडतच नाई. तुमच्या घरी पाव्हणी म्हणून बसवा. मंग तिले नाई म्हणता येनार नाई.”

संध्याकाळी दोघं नवरा-बायको आले. पहिल्याच घासाला नसीमबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीचं असावं. मग मान वर न करता त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या.

सलीमभाऊ दाराकडे तोंड करून बसले होते. मी म्हटलं, “भाऊ, इकडे वळून बसा ना.”

ते हळूच म्हणाले, “नको बाई. मी पाह्यलं तर ती खानं बंद करन.”