सात फेब्रुवारीचं बुकिंग

निळी तलवार. फक्त आगाऊ पैसे भरणाऱ्यांनाच मिळणारी.

सोपाऱ्याचा ब्रास बँड, त्यावर एक ट्रम्पेटवाला फुकट.

डुकराची दोन पिल्लं. अजून आईला लुचणारी, पण कानावर जांभळा ठिपका लावून वेगळी काढलेली.

काळ्या सुटाचं माप.

नवरी. ही मात्र नव्हती.

या सगळ्याची तारीख एकच होती, सात फेब्रुवारी. घरही एकच होतं, आगाशीच्या अलीकडे केळीच्या वाडीला लागून असलेलं फेबियनचं. तलवार फेबियनच्या मुलाची, म्हणजे ॲल्रॉयची. बाकी सगळं फेबियनच्या बायकोचं, कार्मिनचं.

ॲल्रॉय एकतीस वर्षांचा. वालीवला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर. ‘सॉल्टकिंग’ या व्हिडिओ गेमचा पहिला भाग त्याने इतक्या वेळा संपवला होता, की त्यातल्या राक्षसांना तो आता नावाने ओळखायचा. दुसऱ्या भागाची तारीख जाहीर झाली आणि त्याने त्याच मिनिटाला पैसे भरले, कारखान्यात रजेचा अर्ज टाकला आणि रात्री जेवताना ही बातमी घरात सांगितली. त्या दिवशी आपल्या खोलीचं दार कोणी वाजवायचं नाही, एवढंच त्याचं मागणं होतं.

कार्मिनने ताटात आणखी एक बोंबील वाढला. तीही खुशीत होती.

“माझ्याकडे पण बातमी आहे. हॉल मिळाला.”

“कसला हॉल?”

“तुझ्या लग्नाचा. सात फेब्रुवारी.”

“कोणाशी?”

“ते बघू नंतर.”

यात कार्मिनचं काही चुकलं होतं असं गावात कोणीच म्हणालं नसतं. नाताळ झाल्यावर आणि उपवासकाळ लागण्याआधी जे थोडे आठवडे मिळतात, त्यात सगळ्या गावाला लग्न करायचं असतं. हॉल मोजके. पोरं जन्मतात त्या वेगाने हॉल बांधले जात नाहीत. कार्मिन विसरलेली छत्री आणायला हॉलवर गेली होती, तेवढ्यात कोणाचं तरी लग्न मोडल्याचा फोन आला. मॅनेजरने फोन खाली ठेवायच्या आत तिने तारीख धरली. छत्री तिथेच राहिली.

“मम्मी, नवरीच नाही आणि हॉल बुक करतेस?”

“आणि तू? तो गेम तयार तरी आहे का?”

“बनतोय.”

“मग! माझी सून निदान जन्मलेली तरी असेल ना कुठेतरी. तुझा गेम जन्मलाय?”

फेबियन खाली मान घालून जेवत होता.

“बरं, एक सांग,” कार्मिन म्हणाली, “तो दुकानातून संपतो का?”

“दुकान नाही गं. डाउनलोड असतो.”

“म्हणजे कितीही लोकांना मिळेल?”

“हो.”

“उशिरा घेतला तरी तोच मिळेल?”

“हो, पण तलवार नाही मिळणार.”

“खरी तलवार?”

“गेममधली.”

कार्मिनने फेबियनकडे पाहिलं. “ऐकलंत? कधीच न संपणाऱ्या वस्तूसाठी याने रांग लावलीय.”

“मी आपला केळी लागल्याशिवाय विकत नाही,” फेबियन म्हणाला आणि हात धुवायला उठला. दोघांपैकी कोणाला उद्देशून तो बोलला हे त्याने मुद्दामच सांगितलं नाही.

हॉल झाला म्हटल्यावर बँड आला. बँड आला म्हटल्यावर केटरर आला, आणि त्याने पिल्लांच्या कानांना ठिपके लावले. सूट शिवायला टाकला. मग पत्रिका. छापखान्यात ॲल्रॉयच्या नावापुढची जागा मोकळी ठेवायची ठरली होती, पण छापणाऱ्याला मोकळी जागा सहन होईना. त्याने तिथे आपल्या मनाने सोनेरी अक्षरांत टाकलं: ‘लवकरच येत आहे’.

पत्रिका वाटल्या गेल्या. लोकांनी त्या फ्रिजवर लावल्या. ॲल्रॉय वाट बघत होता, कोणीतरी हसेल, कोणीतरी म्हणेल हा काय वेडेपणा. तर रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर गावातली माणसं त्याच्या पाठीवर थाप मारून एवढंच विचारायची, “हॉल कसा काय मिळवलात रे?”

आणि मग स्थळं यायला लागली.

मुलगा काय करतो, पितो का, हे कोणी विचारेना. “हॉलला एसी आहे का?” “पार्किंग किती गाड्यांचं?” “स्टेज डाव्या बाजूला की उजव्या?” एक आई मुलीला घेऊन आली, थेट हॉल बघून आली, ॲल्रॉयला न बघताच परत गेली आणि संध्याकाळी निरोप आला: पसंत आहे.

“मम्मी, त्यांनी मला बघितलंच नाही!”

“ते बरंच झालं ना,” कार्मिन म्हणाली.

आता ॲल्रॉय घाबरला. सात फेब्रुवारीला तो त्या खोलीत दार लावून बसणार होता, नाहीतर स्टेजवर उभा राहणार होता. तिसरा मार्ग नव्हता. निदान व्हेरोनिका येईपर्यंत नव्हता.

व्हेरोनिका त्याला वालीवला कारखान्याच्या गेटवर भेटली. स्कूटर स्टँडला लावून तिने सरळ विचारलं, “तूच ना तो हॉलवाला?”

“हे बघ, मला लग्न नाही करायचं,” ॲल्रॉयने आधीच हात जोडले.

“मला कुठे तुझ्याशी करायचंय? माझा नवरा ठरलेला आहे. सॅन्टन. जहाजावर असतो. फेब्रुवारीत थोडीच सुट्टी मिळालीय त्याला. सगळं आहे माझ्याकडे, फक्त हॉल नाही. तुझ्याकडे फक्त हॉलच आहे.”

ॲल्रॉयला तिला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. उगाच गैरसमज होऊन लग्न लागलं असतं.

खरी परीक्षा घरी होती. कार्मिनने सगळं ऐकून घेतलं. निवडायला घेतलेल्या तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला.

“बँड?” तिने विचारलं.

“तोच ठेवू आंटी,” व्हेरोनिका म्हणाली.

“डुकरं?”

“तीच.”

“सूट शिवून झालाय.”

“सॅन्टन जाडा आहे हो.”

“मग कमी जेवायला सांग. वेळ आहे अजून.”

“सांगते.”

“आणि पुढच्या रांगेत मधोमध मी बसणार. तुझी सासू माझ्या बाजूला बसली तर माझी हरकत नाही.”

पत्रिकांवर चिकटपट्ट्या लागल्या. ‘लवकरच येत आहे’ झाकून व्हेरोनिका आली, ॲल्रॉय झाकून सॅन्टन आला. गावाने काहीही मनावर घेतलं नाही. तारीख, हॉल आणि मेनू तेच होते.

सात फेब्रुवारी उजाडली. घर रिकामं. ॲल्रॉयने पडदे ओढले, वेफर्सची पाकिटं हाताशी मांडली, पंखा नीट आपल्या अंगावर वळवून घेतला आणि गेम सुरू करायला बटण दाबलं.

पडद्यावर मजकूर आला. दर्जाशी तडजोड करायची नसल्यामुळे ‘सॉल्टकिंग टू’ पुढे ढकलण्यात आला आहे. नवी तारीख यथावकाश कळवू. आपल्या संयमाबद्दल आभार म्हणून निळ्या तलवारीसोबत आता निळं म्यानही देण्यात येईल.

त्याने वेफर्सचं एक पाकीट संपवलं. दार कोणीच वाजवत नव्हतं. दुपार झाली, चार वाजले. शेवटी त्याने इस्त्रीचा शर्ट शोधला.

हॉल खच्चून भरला होता. स्टेजवर सॅन्टन श्वास रोखून उभा होता, कारण सुटाचं मधलं बटण त्याच्यापेक्षा ॲल्रॉयशी इमानी होतं. कार्मिन गर्द मोरपंखी साडीत पुढच्या रांगेत, मधोमध. येणारा प्रत्येक जण आधी तिला शेकहँड करत होता, मग नवरा-नवरीला.

“आलास?” तिने बाजूची खुर्ची थोपटली. “गेम झाला?”

“पुढे ढकलला.”

कार्मिन हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. “माझी तारीख हलली का बघ,” ती म्हणाली. “जा, जेवून घे. आपलीच डुकरं आहेत.”

तो जेवला. नाचला पण, कारण फुकटचा ट्रम्पेटवाला खरोखरच चांगला होता. मोबाइल वाजला तेव्हा तो घामाघूम होता. गेमवाल्यांनी विचारलं होतं, पैसे परत हवेत का? त्याने ‘नको’वर बोट टेकवलं. म्यान मिळणार होतं.

मान वर केली तर कार्मिन कोपऱ्यात हॉलच्या मॅनेजरशी बोलत होती. मॅनेजरच्या कानाला फोन होता आणि कार्मिनने त्याचं मनगट धरलं होतं.

“डॅडी, ती काय करतेय?”

“पुढच्या वर्षी मे महिन्यात कोणाचा तरी कार्यक्रम रद्द झालाय,” फेबियन म्हणाला. “घेऊन टाकली तारीख.”

“परत माझं लग्न?”

“नाही रे. एवढी घाई कशाला तुला? तुझ्या मुलाचा बाप्तिस्मा.”

कार्मिनच्या स्वतःच्या लग्नाला हॉल मिळाला नव्हता; ते फेबियनच्या अंगणात, चिकूच्या झाडाखाली झालं होतं.