सोपं म्हणायचं नाय

गायके सर शिकवताना दोन्ही हात पाठीमागं घेऊन, बोटं गच्च अडकवून फिरतात. समोरचा माणूस अडून घामाघूम झाला तरी ते हात पुढं येत नाहीत. मला आधी वाटलं, पाठ दुखत असंल.

बिडकीनच्या एका कारखान्यातले कंप्युटर सांभाळून सर रिटायर झाले. आता मुकुंदवाडीत पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत दर रविवारी मोठ्या माणसांना प्रोग्रॅमिंग शिकवतात. मी शहागंजातला भांडीवाला, वय बावन्न. बायकोनं ढकललं म्हणून गेलो.

वर्गाचा नियम एकच. 'सोपं' म्हणायचं नाय. म्हणंल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. तिसऱ्याच रविवारी माझी बेरीज जमली अन् मी बोलून गेलो, "ह्यात काय, सोपंय की." सगळ्या वर्गाला चहा पाजला. तेव्हापासून तोंड सांभाळून असतो.

स्क्रीनवर लाल अक्षरं आली की सर खूश. "वा, ही चूक आपल्याकडं नवीन हाय. या, बघा." मग आम्ही सगळे लग्नातला रुखवत बघावा तसे ती बघायला जमतो.

गिरणीचा एवढा आवाज, पण खोलीचं दार काही लावू देत नाहीत. एकदा वैतागून मी विचारलंच.

सर खाली बघत म्हणाले, "आमच्या घरच्यांना एकदा शिकवायला बसलो. त्या अडल्या. मी म्हणलो, किती सोपंय, अन् हातातला माऊस ओढून घेतला. उठल्या त्या पुन्हा बसल्या नाय. वर्ग त्यांच्यासाठीच काढलाय. आल्याच कधी, तर दार बंद नसावं."

हात पाठीमागं का, ते मला तेव्हा कळलं. लई वाईट वाटलं.

मागच्या रविवारी गायके काकू आल्या. दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. पहिलीच ओळ लिहिली अन् लाल अक्षरं आली. सरांची बोटं सुटली, पुन्हा अडकली.

"सांगू का?"

"नका सांगू."

काकूंनी ओळीवरून बोट फिरवलं, लावायचा राहिलेला कंस लावला. स्क्रीनवर त्यांचं नाव उमटलं.

"अगंबाई, सोपंय की हो," काकू म्हणाल्या.

चहा कुणीच मागितला नाही. सर स्वतःच आणायला गेले, ते लवकर येईनात. मी खाली गेलो तर गिरणीपाशी उभे, डोळ्यांना रुमाल लावून.

"सर, चहा?"

"आणतो. आधी सांगा, काय म्हणल्या त्या?"

"सोपंय म्हणल्या."

सरांनी रुमाल खिशात घातला. "आता तुम्हीपण म्हणलात. पुढच्या रविवारचा चहा तुमच्याकडं."