नथ्थूजी आणि काट्याचं फूल

आमच्या गल्लीतले नथ्थूजी शिंपी गुलाबाला कधी गुलाब म्हणत नसत. ते त्याला 'काट्याचं फूल' म्हणत. गुलाबी रंग म्हणजे 'नवरीचा रंग' आणि गुलाबजाम म्हणजे 'पाकातले गोये'. गुलाल मागायची वेळ आली तर नुसता गाल पुढे करत, कारण त्या शब्दाचीही सुरुवात धोक्याची होती.

कारण साधं होतं. त्यांच्या बायकोचं नाव गुलाब. आमच्याकडे जुन्या घरांत नवऱ्याने बायकोचं आणि बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं; घेतलं तर त्या माणसाचं आयुष्य कमी होतं असं मानतात. बाकीचे पुरुष 'अवं', 'आयकलं काय' एवढ्यावर भागवत आणि फुलांच्या नि मिठाईच्या वाटेला जात नसत. नथ्थूजी कापडात सूतभर इकडेतिकडे होऊ न देणारे, ते इथे बरे सोडतील!

बरं, बायको जाऊन कितीतरी वर्षं झालेली. मी वाशीमच्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि त्यांच्या शेजारी बिऱ्हाड केलं, तेव्हा ती नव्हतीच. मी एकदा म्हटलंही, "नथ्थूजी, त्या तर गेल्या. आता कोणाचं आयुष्य कमी होणार?" त्यांनी तोंडात टाचण्या धरल्या होत्या. त्या तशाच ठेवून मान हलवली. अवघड प्रश्न येताना दिसला की ते टाचण्या तोंडात घालत, असा माझा अनुभव आहे.

गल्लीच्या तोंडाशी अत्तराचं दुकान होतं गुलाबमियाँचं. दोघांची लहानपणापासूनची दोस्ती, पण नथ्थूजी त्यांना जन्मभर 'अत्तर' म्हणूनच हाक मारत आले. एकदा बाजारात कुणीतरी गुलाबमियाँना बदडलं आणि साक्षीला नेमके नथ्थूजी. ही गोष्ट बायको हयात असतानाची. मला ती खुद्द गुलाबमियाँनी सांगितली.

"मार कोणाला पडला?" मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं.

"यायले," नथ्थूजींनी बोट दाखवलं.

"नाव सांगा."

"सायेब, सामने तं उभे हायेत. त्यायलेच पुसा ना."

"कारकुनाला बोट लिहिता येत नाही."

नथ्थूजींनी बराच विचार केला. "अत्तर लिहा," ते म्हणाले.

खटला गेला. गुलाबमियाँ बरेच दिवस फुगून होते. मग स्वतःच नथ्थूजींच्या दुकानात येऊन म्हणाले, "अरे नथ्थू, मैं क्या तेरी बीवी हूँ?" आणि दोघांसाठी चहा सांगितला. ही हकीकत मला ऐकवल्याच्या पुढच्याच वर्षी गुलाबमियाँ वारले आणि दुकानाला कुलूप लागलं.

नथ्थूजींच्या अंगणात एक गुलाबाचं झाड होतं. बायकोने माहेरून, केनवडहून आणून लावलेलं. त्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या आणि झाड वाळलं. नथ्थूजी रोज सकाळी त्याची एखादी काडी नखाने खरवडून आत हिरवं दिसतं का पाहत. दिसलं नाही. केनवडच्या त्या घरातही आता कुणी उरलं नव्हतं. तसलंच फिकट, वासाचं फूल पुन्हा अंगणात पाहिजे, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला. मी दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला निघालो होतो. तिथल्या मोठ्या सरकारी बागेत झाडून साऱ्या जातींची फुलझाडं आहेत, कलमंही मिळतात, असं माझ्या तोंडून निघून गेलं. मी स्टेशनावर पोचलो तर नथ्थूजी ठेवणीतला कोट घालून माझ्या आधी हजर.

बाग पाहायची त्यांची तऱ्हा शिंप्याचीच. जास्वंदीची पाकळी चिमटीत धरून म्हणाले, "मलमल हाय." कण्हेर म्हणजे 'धुतल्यावर आटनारा माल' ठरली. तगरीला अस्तर नव्हतं. बोगनवेलीपुढे तर ते वैतागलेच. "निस्ता कागद. कोन शिवीन याले?" लोक वळून बघू लागले. मी जरा अंतर ठेवून चालायला लागलो, तर ते मला हाका मारून प्रत्येक झुडपाचा पोत दाखवायला लागले.

गुलाबाच्या ताटव्यात मात्र त्यांनी पोत पाहिला नाही. वाकून एकेका फुलाचा वास घेत गेले आणि पार कोपऱ्यातल्या झाडाशी थांबले. फूल लहान, फिकट. "हेच," ते म्हणाले.

कलमं मिळत ती दूर फाटकाजवळच्या कोठीत. तिथे बोट दाखवायला फूल नव्हतं.

"कोन्तं पाह्यजे?" माळ्याने विचारलं.

"काट्याचं."

माळ्याने बोगनवेल आणली.

"हे नाही. वासबी पाह्यजे."

काटेही हवेत आणि वासही, म्हणून तो केवडा घेऊन आला.

"अवो, ज्याचं अत्तर काढतेत, थे."

"केवड्याचंच तं निघते अत्तर," माळी म्हणाला, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं.

तेवढ्यात बाग बंद व्हायची घंटा झाली. माळी कुलूप शोधू लागला. नथ्थूजींच्या कपाळावर घाम आला होता. एवढ्या लांब येऊन हा माणूस रिकाम्या हाताने परत जाणार, हे मला बघवेना.

"गुलाब पाहिजे हो त्यांना," मी म्हणालो. "फिकट, वासाचा. देशी गुलाब."

"मंग असं बोला ना," म्हणत माळी आत गेला. नथ्थूजी मान खाली घालून उभे होते. मला वाटलं, रागावले.

"मास्तर," ते म्हणाले, "अजून एकडाव म्हना."

"काय?"

"थेच. आता म्हनलं थे."

"गुलाब?"

त्यांनी मान डोलावली. "तिचे मायबाप हाक मारत. माही माय मारे. बाकी समद्यायची थे काकू नाही तं वैनी. मंग आपल्या अत्तरले कोनी हाक मारली का माह्या कानावर पडे. आता थेबी गेले. कोन्हीच नाही म्हनत."

"मग तुम्हीच का नाही घेत नाव?"

"एकडाव घेतलं," ते म्हणाले. "मानमोडीच्या साथीत. तापात तिची सुद गेली होती. म्या म्हनलं, नावानं बलावलं तं तरी परतीन. बलावलं. तिनं डोये उघडले, माह्याकडे पाह्यलं, अन् पदर तोंडावर घेतला. लाजली वो, मास्तर. मंग थो पदर मीच काढला, तिले नेतानी."

मला रडू आलं. ते लपवायला मी दारातल्या तगरीकडे तोंड केलं.

माळी रोप घेऊन बाहेर आला. "हा घ्या गुलाब." नथ्थूजींनी ते दोन्ही हातांत घेतलं.

"पानी किती लागते याले?" त्यांनी विचारलं.

"गुलाबाले पानी बेतानं द्या."

"अन् ऊन?"

"गुलाबाले ऊन तं पाह्यजेच."

"खत?"

"जुनं शेनखत. ताज्यानं गुलाब जयून जाते."

इतकी वर्षं तेच झाड वाढवलेला माणूस हे सगळं विचारत होता आणि माळी बिचारा सांगत होता. मग नथ्थूजींना पुढचा प्रश्न सुचेना. माळी कुलूप घेऊन दाराकडे वळला.

"आणि छाटणी कधी करायची?" मी विचारलं.

"कायची, गुलाबाची?" माळी म्हणाला.