येण्याआधी उघडणारं कुलूप

सलग दोन बैठकांत क्षितिजावर काहीच हललं नाही, तेव्हा मोठ्या साहेबांनी दुर्बीणरावांना केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"दुर्बीणराव, क्षितिज जागेवर आहे ना?"

"आहे, साहेब."

"मग त्याच्यावर काहीतरी दिसायला पाहिजे. पुढच्या बैठकीतही काही दिसलं नाही, तर तुमची बदली परत माल पाठवणीत. तिथे खिडकी नाही, म्हणजे तुम्हालाही उगाच लांब बघायचा त्रास नाही."

कंपनी कुलपांची होती. कुलपं, कड्या, बिजागऱ्या. काही वर्षांपूर्वी हॉटेलांनी किल्ल्या टाकून कार्डं वापरायला सुरुवात केली आणि ही गोष्ट कंपनीला सगळ्यांत शेवटी कळली. तीसुद्धा बाहेरगावच्या हॉटेलात मोठे साहेब स्वतःच्या खोलीबाहेर कार्ड हातात धरून उभे राहिले तेव्हा. परत आल्यावर त्यांनी जाहीर केलं की यापुढे आपण गाफील राहायचं नाही. जिन्याच्या वळणावर, खिडकीखाली, पाण्याच्या यंत्राशेजारी, एक टेबल टाकून 'दूरदृष्टी कक्ष' उघडण्यात आला. त्यात कोणाला बसवायचं हा प्रश्न होता. माल पाठवणीतला एक गृहस्थ वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचतो असं कोणीतरी सांगितलं. ते दुर्बीणराव. हे नाव कारखान्याने चेष्टेत ठेवलं आणि साहेबांनी गंभीरपणे उचललं.

काम तसं सोपं होतं. इतर कंपन्या काय करतायत, नवं तंत्र कुठे निघतंय, कोण कसले पेटंट अर्ज टाकतंय, यावर नजर ठेवायची आणि महिन्याच्या बैठकीत 'क्षितिजावरील हालचाली' वाचून दाखवायच्या. त्या ऐकून कारखान्याने पुढे काय बनवायचं ते ठरे. दुर्बीणराव व्यापारी मासिकं चाळत, प्रदर्शनांची माहितीपत्रकं जमवत, प्रतिस्पर्ध्यांनी नोकरीच्या जाहिरातीत कसली माणसं मागितली आहेत ते टिपून ठेवत. माणूस प्रामाणिक होता, यात वाद नाही. पण प्रामाणिकपणा आणि खिडकी यांत एकच शिल्लक राहणार असं दिसलं, की भल्याभल्यांचा कल खिडकीकडे जातो.

त्या संध्याकाळी ते घरी पोचले, तर घंटी वाजवण्याआधीच बायकोने दार उघडलं.

"तुला कसं कळलं मी आलोय?"

"चपला घासत येता. खालच्या मजल्यापासून कळतं. आत या, चेहरा का असा?"

चेहऱ्याचं कारण सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अहवालात लिहिलं: 'माणूस दाराशी पोचण्याआधीच त्याला ओळखून आपोआप उघडणारं कुलूप. एका प्रतिस्पर्धी कंपनीत काम वेगात सुरू असल्याचं समजतं.' लिहून झाल्यावर त्यांना थोडी लाज वाटली. मग त्यांनी 'वेगात' खोडून 'समाधानकारक वेगात' केलं.

बैठकीत हे वाचल्यावर सगळ्यांनी हातातले चहाचे कप खाली ठेवले.

"किती पुढे गेलेत ते?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"बरेच."

"फोरमन, आपल्याला जमेल?"

कारखान्याचे फोरमन सगळ्यांचे काका होते. हयात कुलपांत गेलेली. ते म्हणाले, "साहेब, कुलूप हे बंद राहण्यासाठी असतं. माणूस यायच्या आधीच उघडायचं, तर त्याला कुलूप का म्हणायचं? दार उघडं ठेवा, काम झालं."

"हेच आपण कार्डाच्या वेळी म्हणालो होतो," साहेब म्हणाले. वर्षभराची नव्या कामाची सगळी तरतूद त्या एका कुलपावर लागली.

पुढचं सगळं इतकं रीतसर झालं की कुठे थांबवावं ते दुर्बीणरावांना कळेना. मोठे साहेब कुलूपवाल्यांच्या संघटनेच्या जेवणाला गेले आणि 'आम्हाला सगळं ठाऊक आहे' असं दोन-तीन जणांना सुचवून आले. पुढच्या महिन्यात संघटनेच्या पत्रिकेत चौकट आली: 'आगमनपूर्व कुलूप, काही कंपन्यांत हालचाल.' पत्रिका दुर्बीणरावांच्या टेबलावर आली. पत्रिकेत आलेलं बैठकीत सांगणं हे तर त्यांचं कामच. न सांगावं तर हलगर्जीपणा. त्यांनी सांगितलं.

"म्हणजे तुमची बातमी पक्की निघाली," साहेब म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून हसले.

मग विक्रीप्रमुखांनी खबर आणली की शेजारच्या कंपनीने जमिनीखाली बसवायच्या, पावलं टिपणाऱ्या संवेदक पट्ट्या घाऊक घेतल्या. दुसऱ्या एका कंपनीने फोरमनकाकांना फोडायचा प्रयत्न केला. का, ते दुर्बीणरावांना स्पष्ट दिसत होतं: त्यांनीही पत्रिका वाचली होती, त्यांच्याकडेही कुठल्यातरी जिन्यात कोणीतरी दुर्बीण बसलेली होती. सगळे एकमेकांकडे बघत होते आणि मधे काहीच नव्हतं. दुर्बीणराव उठले आणि थेट केबिनमध्ये गेले.

"साहेब, ते कुलूप कोणीच बनवत नाहीये. ते मी मनाने लिहिलं होतं."

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. "दोन कंपन्या कामाला लागल्या. संघटनेने छापलं. आणि आता तुम्ही म्हणता, असं काही नाहीच?"

"नाहीच."

"त्यांनी तुम्हाला काय कबूल केलं, दुर्बीणराव?"

"कोणी?"

"ज्यांना आपण मागे राहायला हवं आहोत, त्यांनी."

त्याच आठवड्यात दूरदृष्टी कक्षाला वरिष्ठ अधिकारी हवा असल्याची जाहिरात निघाली. दुर्बीणरावांनी सवयीने ती कापून ठेवली आणि मग लक्षात आलं की ही आपल्याच कंपनीची.

आणि मग ते खोकं आलं. वर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. आत एक कुलूप. किल्लीचं भोक नाही, बनवणाऱ्याचा छाप नाही. हाताला गार लागायचं, उन्हात ठेवलं तरी गारच. साहेबांना वाटलं, विक्रीवाल्यांनी प्रतिस्पर्ध्याचा नमुना पळवला. विक्रीवाल्यांना वाटलं, साहेबांनीच परस्पर मागवला. फोरमनकाकांनी त्याचं झाकण उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि परत मिटलं.

"यात एक स्प्रिंग आहे," ते म्हणाले. "बाकी काही नाही."

"मग चालतं कसं?"

"चालतं कुठे अजून. लावून बघू."

ते बैठकीच्या खोलीच्या दाराला लावलं. सगळे आत बसले. थोड्या वेळाने खट्ट झालं आणि दार हळूच उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. मग लांबून पावलं ऐकू आली आणि हिशेब बघणाऱ्या बाई फायली घेऊन आत आल्या. उघडं दार बघून त्या दचकल्या. त्यांना बघून बाकीचे दचकले.

फोरमनकाका त्या दिवसापासून त्या खोलीत शक्यतो जात नसत. "कुलपांची मला कधी भीती वाटली नाही," ते म्हणाले. "पण हे उघडतं तेव्हा असं वाटतं, की कोणीतरी आत घ्यायला उभं आहे."

कुलूप एकदाही चुकलं नाही. विक्रीप्रमुखांच्या बाबतीत तर ते त्यांच्याही पुढे गेलं. "मी जागेवरच होतो," ते रडवेल्या आवाजात सांगत. "बैठकीला जावं की बुडवावी, असा नुसता विचार करत होतो. इकडे दार उघडलेलं. मग यावंच लागलं."

फक्त दुर्बीणराव आले की ते उघडत नसे. ते दाराबाहेर उभे राहत, मग टकटक करत.

"कोण आहे?"

"मी, साहेब."

"तुम्ही असता तर उघडलं असतं."

शेवटी ते दुसऱ्या कोणाची तरी वाट बघायचे आणि त्याच्या मागून आत शिरायचे. माणूस रोज आपल्याच कचेरीत दुसऱ्याच्या सावलीत शिरू लागला, की लोक त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघू लागतात. पाण्याच्या यंत्राशी उभे असलेले दोघे त्यांना बघून गप्प झाले. घरी त्यांनी बायकोला हे सगळं सांगितलं, तेव्हा तिने त्यांच्या हाताला बोट लावून पाहिलं.

"काय करतेस?"

"काही नाही. आहात ना, ते बघितलं."

वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मुलाखतीचा दिवस आला. समिती बसली. दुर्बीणराव कोपऱ्यात, त्यांची खुर्ची राहणार की जाणार ते आज ठरायचं होतं. पहिल्या उमेदवाराची वेळ झाली, टळली. मग खट्ट झालं. दार पूर्ण उघडलं, नेहमीपेक्षा जास्त, जसं मान द्यायला उघडतात तसं. सगळे सावरून बसले. पावलांची वाट पाहू लागले. पावलं आली नाहीत. एक गार झुळूक मात्र टेबलावरून गेली, कागद एका बाजूने उचलले आणि परत बसले. मग दार आपलं आपण मिटलं.

दुर्बीणरावांना वाटलं, आता तरी सगळ्यांना कळेल. पण मोठ्या साहेबांच्या कपाळावर जे आकडे हलत होते ते त्यांना दिसत होते. माणूस आलेला नाही म्हणावं, तर कुलूप चुकलं. कुलूप चुकलं म्हणावं, तर वर्षभराची तरतूद चुकली, आणि ती मंजूर कोणी केली? त्यापेक्षा एक खुर्ची स्वस्त पडत होती.

"या, बसा," मोठे साहेब रिकाम्या खुर्चीला म्हणाले. मग समितीकडे वळून, "माणूस मितभाषी दिसतोय."

"अनुभवी वाटतात," विक्रीप्रमुख हळूच म्हणाले.

दुर्बीणराव नोकरीत राहिले, पण सहायक म्हणून. जिन्याच्या वळणावर दुसरं, मोठं टेबल आलं आणि त्यामागे उंच पाठीची खुर्ची. लोक येता-जाता तिला नमस्कार करू लागले. प्रथम चेष्टेत, मग सवयीने, आणि मग न केल्यास अस्वस्थ वाटतं म्हणून. सकाळी ती खुर्ची कधी खिडकीकडे वळलेली असायची, कधी दुर्बीणरावांकडे.

"नवे साहेब कसे आहेत?" बायकोने विचारलं.

"शांत."

"बरं झालं. बाकीचे फार बोलतात."

बैठकीचा दिवस पुन्हा जवळ आला. मासिकं पालथी घातली, पेटंटचे अर्ज पाहिले, जाहिराती चाळल्या. क्षितिज कोरडं. आणि मोठ्या साहेबांचा निरोप आला: कुलूप झालं, आता पुढचं काय, नव्या साहेबांच्या हाताखाली तरी काही मोठं येऊ दे, नाहीतर सहायकाची गरज काय. दुर्बीणरावांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं. मग लिहिलं: 'बाहेर काय घडणार ते आधीच दाखवणारी खिडकीची काच. परदेशात एका कंपनीत काम समाधानकारक वेगात सुरू.' रीत म्हणून त्यांनी मसुदा मोठ्या टेबलावर ठेवला आणि निघाले.

सकाळी मसुदा त्यांच्या टेबलावर परत आला होता. समासात पेन्सिलने एक ओळ होती. नीट, उभट अक्षर. कचेरीतल्या प्रत्येकाचं अक्षर दुर्बीणराव ओळखत. हे त्यातलं कोणाचंच नव्हतं.

'हे तुम्हाला कोणी सांगितलं?'

जिन्यात कोणी नव्हतं. ते कागदाकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की पहिल्या अहवालापासून आजवर, मोठे साहेब, समिती, संघटना, पत्रिका, शेजारच्या दोन कंपन्या, यांपैकी एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता.

उंच पाठीची खुर्ची त्यांच्याकडे वळलेली होती. दुर्बीणराव उठून तिच्यासमोर उभे राहिले, शर्ट नीट केला.

"कोणीच नाही, साहेब," ते म्हणाले. "आणि ते कुलूपही मला कोणी सांगितलं नव्हतं."

मग त्यांनी सुरुवातीपासून सगळं सांगितलं, काही न वगळता. मधे कोणी अडवलं नाही, हेतू विचारला नाही. सांगून झाल्यावर खुर्चीचं लाकूड हलकंसं वाजलं, मागे टेकून बसणाऱ्या माणसाखाली वाजतं तसं. दुर्बीणरावांनी काचेची ओळ खोडली आणि तिच्या जागी लिहिलं: 'क्षितिजावर काहीही नाही.' कागद त्यांनी पुन्हा मोठ्या टेबलावर सरकवला.

दुपारी पाहिलं, तर खाली त्याच उभट अक्षरात सही होती.