सहीची किल्ली

खणात सहीची किल्ली नव्हती, आणि घरून काम करणाऱ्या डेव्हलपरच्या तोंडचं पाणी पळालं. किल्ली दिसायला पेन ड्राइव्हसारखी. पण तिच्यातल्या सर्टिफिकेटची डिजिटल सही बसल्याशिवाय दवाखान्यांचे कॉम्प्युटर कंपनीचा प्रोग्राम उघडतच नसत. आणि नवा प्रोग्राम आजच जायचा होता.

"मॅडम, किल्ली चोरीला गेली!" त्याने साहेबीणबाईंना फोन लावला.

"चोराने टीव्ही सोडून बोटभर वस्तू नेली?"

"जाणकार चोर असणार."

आता चोर सर्व्हरमध्येही शिरेल, म्हणून त्याने तिथल्या सुरक्षेच्या झाडून सगळ्या नोंदी चालू केल्या. कोण आलं, कोण गेलं, कोणती फाइल नुसती कुशीवर वळली, सगळं टिपायचं! नोंदी धो धो वाहू लागल्या. त्यात एक खातं सारखं सगळीकडे नाक खुपसत होतं. त्याने ते ताबडतोब बंद करून टाकलं.

"मॅडम, माझं खातं उघडून देता?"

"बंद कोणी केलं?"

"मीच. संशयावरून."

मॅडमनी खातं उघडून दिलं, कपाळ बडवून घेतलं आणि म्हणाल्या, "सर्टिफिकेटच रद्द करा. उद्या चोर आपल्या सहीने काहीबाही पाठवेल."

रद्द म्हणजे जुने प्रोग्रामही ठप्प. सगळ्या दवाखान्यांत पेशंट ताटकळणार. तरी त्याने बटण दाबलं.

तेवढ्यात बाबा आत आले. "हा घे तुझा पेन ड्राइव्ह. अगदीच टुकार आहे. आपल्या टीव्हीला लावला, शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरला लावला, एक गाणं आत शिरेल तर शपथ!"

"बाबा! अहो, दवाखाने बंद पडतील!"

"गाण्यांनी?"

तो स्क्रीनकडे झेपावला. तिथे लिहिलं होतं: 'डिस्क भरली आहे. विनंती पाठवता आली नाही.' त्याच्याच नोंदींनी सर्व्हर गळ्यापर्यंत भरला होता! त्याने स्क्रीनला मनापासून हात जोडले, मग नोंदी पुसल्या, सही केली, प्रोग्राम पाठवला आणि किल्ली सापडल्याचं मॅडमना कळवलं.

संध्याकाळी मॅडमचा मेसेज आला: 'रद्द करण्याची विनंती प्रसंगावधान राखून थांबवलीत. मनापासून आभार.' त्याने आभार मुकाट्याने घेतले, बाजारात जाऊन बाबांसाठी नवाकोरा पेन ड्राइव्ह आणला आणि स्वतः बसून गाणी भरून दिली.

"अरे, आणखी एक टाकायचं होतं," बाबा कुरकुरले. "जागा नाही म्हणतोय."

"असू द्या हो बाबा," तो गहिवरून म्हणाला, "त्याचं काहीतरी चांगलंच कारण असेल."